वक्तृत्व आणि श्रोत्यांचा निर्णय : सभेपुढचा प्रश्न कोण ठरवतो?

फोंडा तालुक्यातील एका उच्च माध्यमिक विद्यालयात वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांची तयारी करून घेणाऱ्या शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : चांगल्या भाषणाने श्रोत्यांचे मत खरोखर बदलते का? बदलत असेल तर ते समजावल्यामुळे बदलते की भुलवल्यामुळे? आणि मुलांना वक्तृत्व शिकवताना आपण लोकांची मती फिरवण्याचे कसब तर त्यांच्या हाती देत नाही ना? मी दक्षिण गोव्यात बरीच वर्षे वकिली करते, कायद्याच्या विद्यार्थ्यांकडून अभिरूप न्यायालयाची तयारी करून घेते आणि आमच्या गावच्या ग्रामसभेला नेमाने बसते. या तिन्ही ठिकाणी ऐकणाऱ्याला शेवटी काहीतरी ठरवायचे असते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे आणि त्याचे उत्तर मी जरा विस्ताराने देणार आहे.

मत बदलते, याविषयी मला शंका नाही. सत्य आपोआप पटते आणि भाषण ही त्यावरची कलाकुसर असते, असे ज्यांना वाटते त्यांनी एखाद्या खटल्यात भक्कम पुरावा ढिसाळ मांडणीमुळे वाया जाताना पाहावा. मात्र हा बदल नेमका कुठे होतो, याबद्दलची सर्वसाधारण समजूत मला पटत नाही. आवाजातला चढउतार, पेरलेली सुभाषिते, नेमक्या जागी घेतलेला विराम, दाटून आलेला कंठ यांच्याकडे आपले लक्ष जाते आणि परिणाम त्यांचाच आहे असे आपण मानतो. त्यांचा परिणाम होतो, पण तो बहुधा टाळ्यांपुरता टिकतो. निर्णयाला वळण मिळते ते याच्या कितीतरी आधी, भाषणाच्या पहिल्या काही मिनिटांत, जेव्हा आपल्याला कोणता प्रश्न सोडवायचा आहे हे श्रोत्याच्या मनात पक्के होते. एकदा तो प्रश्न मनात बसला की उत्तराचा बराचसा भाग त्याच्याबरोबरच आलेला असतो. आणि उत्तर श्रोत्याने स्वतः काढलेले असल्यामुळे ते बाहेरून लादल्यासारखे त्याला वाटतही नाही.

प्राचीन ग्रीक वक्तृत्वशास्त्राने हे फार लवकर ओळखले होते. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातल्या हर्मागोरस या आचार्याने कोणत्याही वादाचे केंद्र शोधण्यासाठी चार पायऱ्या सांगितल्या : गोष्ट घडली की नाही, घडली असेल तर तिला काय म्हणायचे, ती कोणत्या परिस्थितीत घडली आणि म्हणून क्षम्य की अक्षम्य, आणि हा निर्णय इथे, या लोकांनी करायचा आहे का. वकिली करणारा प्रत्येक जण हेच करत असतो, त्याने हर्मागोरसचे नाव ऐकलेले असो वा नसो. आपल्या दिवाणी न्यायालयांत तर त्याची रीतसर पायरी आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश १४ प्रमाणे पुरावा सुरू होण्यापूर्वी न्यायाधीश वादमुद्दे निश्चित करतात. 'इश्यू फ्रेम झाले' असे आम्ही म्हणतो ते यालाच. दोन्ही पक्ष मग त्या मुद्द्यांना बांधलेले राहतात. सभेत, वर्तमानपत्रात, निवडणुकीच्या प्रचारात हे काम करणारा तटस्थ माणूस नसतो. तिथे वादमुद्दे वक्ताच ठरवतो, आणि श्रोत्यांच्या निर्णयावर त्याची खरी सत्ता चालते ती या जागी.

गोव्यातल्या वकिलांना रोज भेटणारे उदाहरण मुंडकारांच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरच्या घरात राहणाऱ्यांच्या, दाव्याचे आहे. मामलेदारांपुढे भाटकाराचा, म्हणजे जमीनमालकाचा, वकील सुरुवात करतो : "या भाटातल्या माडांची राखण करायला माझ्या अशिलाच्या आजोबांनी एक माणूस ठेवला होता." मुंडकाराचा वकील सुरुवात करतो : "या घरात माझ्या अशिलाची तिसरी पिढी जन्मली आहे." दोन्ही वाक्ये खरी असू शकतात. पहिल्या वाक्याने ऐकणाऱ्यापुढे कामाचा प्रश्न येतो : तो माणूस इथे कशासाठी आला होता? दुसऱ्या वाक्याने घराचा प्रश्न येतो : हे घर कोणाचे झाले आहे? १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याची व्याख्या मात्र या दोन्हींपेक्षा वेगळ्या जागी बोट ठेवते. भाटकाराच्या संमतीने, त्याची सेवा करण्याचे बंधन असो वा नसो, ठराविक निवासस्थान करून कायदेशीरपणे राहणारा माणूस तिला अभिप्रेत आहे. त्या व्याख्येतून काही जण वगळलेले असल्यामुळे राखणीचा मुद्दा अगदीच निरर्थक ठरत नाही. पण गाभा संमतीचा आणि निवासाचा आहे. म्हणून जो वकील घरपट्टीच्या पावत्या, शिधापत्रिका आणि मतदारयादीतले नाव समोर ठेवून "संमती होती का आणि राहणे ठराविक होते का, एवढेच आपल्याला पाहायचे आहे" असे म्हणतो, त्याचे बोलणे कमी रंगतदार वाटले तरी ऐकणाऱ्याला ते निर्णयाच्या वाटेवर आणून सोडते. हेही वक्तृत्वच आहे. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हे पटवून द्यायला मला सर्वांत जास्त वेळ लागतो, कारण वक्तृत्व म्हणजे आवेश अशी त्यांची पक्की धारणा झालेली असते.

प्रश्न बदलल्यामुळे निर्णय बदलल्याचे जगाच्या इतिहासातले सर्वांत ठळक उदाहरण इ. स. पूर्व ४२७ मधले आहे. लेस्बॉस बेटावरच्या मिटिलीनी नगराने अथेन्सविरुद्ध बंड केले आणि ते मोडल्यावर अथेन्सच्या नागरिकांच्या सभेने संतापाच्या भरात ठरवले की तिथल्या सर्व प्रौढ पुरुषांना ठार मारावे आणि बायकामुलांना गुलाम करावे. हुकूम घेऊन जहाज निघालेसुद्धा. दुसऱ्या दिवशी लोकांना आपल्या निर्णयाची कठोरता जाणवली आणि पुन्हा सभा भरली. क्लिऑन या नेत्याने शिक्षा कायम ठेवा असे बजावले. अपराध झाला आहे, अपराध्याला त्याचे फळ मिळाले पाहिजे, हा त्याचा मुद्दा होता. त्याला उत्तर देणाऱ्या डायोडोटसने दयेची याचना केली नाही आणि मिटिलीनीचे लोक निर्दोष आहेत असाही दावा केला नाही. त्याने सभेला सांगितले की आपण इथे न्यायालय म्हणून बसलेलो नाही. अथेन्सच्या हिताचे काय, हे ठरवायला बसलो आहोत. सगळ्यांनाच मारले जाणार असेल तर पुढच्या वेळी बंड करणारे नगर शरण कशाला येईल, असे त्याने विचारले. हात वर करून झालेल्या मतदानात तो निसटत्या बहुमताने जिंकला. दुसरे जहाज पाठवण्यात आले आणि ते कत्तल सुरू होण्यापूर्वी जेमतेम पोहोचले. बंडाच्या सूत्रधारांना मृत्युदंड झालाच, पण नगर वाचले. थ्युसिडिडिस या ग्रीक इतिहासकाराने हा प्रसंग लिहून ठेवला आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी तो नेहमी सांगते, कारण श्रोते तेच, वस्तुस्थिती तीच आणि मध्ये फक्त एक रात्र. क्लिऑनचा प्रश्न 'ते कशाला पात्र आहेत' हा होता आणि डायोडोटसचा 'आपल्याला काय हिताचे आहे' हा. आजच्या वाचकाला करुणेची अपेक्षा असते, म्हणून डायोडोटसचा युक्तिवाद थंड वाटतो. पण संतापलेल्या सभेपुढे करुणेची भाषा चालली नसती हे त्याने ओळखले होते. श्रोता जिथे उभा आहे तिथूनच त्याला हलवता येते.

आपल्याकडे याच तोलाचे उदाहरण १९६७ च्या जनमत कौलाचे आहे. त्या विषयावर गोव्यात आजही लोक हळवे होतात, म्हणून मी इथे विलीनीकरण बरोबर होते की चूक यात शिरत नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदारांपुढे दोनच पर्याय होते : महाराष्ट्रात विलीनीकरण, ज्याची निशाणी फूल होती, आणि संघप्रदेश (केंद्रशासित प्रदेश) म्हणून वेगळे राहणे, ज्याची निशाणी दोन पाने होती. विलीनीकरणवाद्यांकडे मोठे बळ होते. दयानंद बांदोडकरांसारखा लोकप्रिय नेता, १९६३ ची निवडणूक जिंकलेला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष आणि मराठी शाळा, कीर्तन, नाटक, देवळातली भजने यांतून पिढ्यान्‌पिढ्या घडलेले भावबंध. मतदाराच्या मनातला प्रश्न 'महाराष्ट्राशी आपले नाते आहे का' असा राहिला असता, तर मराठी वाचणाऱ्या हिंदू घरांत त्याचे उत्तर शोधावे लागले नसते.

विरोधी बाजूचे राजकीय नेतृत्व डॉ. जॅक सिक्वेरा करत होते. पण मराठी वाचणाऱ्या वर्गापर्यंत पोहोचण्याचे काम मोठ्या प्रमाणात 'राष्ट्रमत' या मराठी दैनिकाने केले. चंद्रकांत केणी त्याचे संपादक होते आणि उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदर त्यात गाजले. गोव्याच्या वेगळ्या अस्तित्वाचा आणि कोकणीचा पक्ष मराठीतून मांडला गेला, ही वक्तृत्वाच्या दृष्टीने फार महत्त्वाची गोष्ट आहे. वाचकाला त्याचे मराठीवरचे प्रेम सोडायला न सांगता, त्याच्याच वाचनाच्या भाषेत दुसरा प्रश्न त्याच्यापुढे ठेवता आला : नाते एक असले तरी कारभार कोणाच्या हाती राहावा? प्रचारात पुढे मुद्दे निघाले ते याच प्रश्नाच्या पोटातून. गोवा मोठ्या राज्यातला एक जिल्हा होऊन राहील का, सरकारी नोकऱ्या कोणाला मिळतील, महाराष्ट्रातली दारूबंदी इथे लागू झाली तर माडाची सूर काढणाऱ्या रेंदेरांचे काय होईल. निकालात संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. फरक ३४,०२१ मतांचा होता.

हा निकाल लेखांनी आणि भाषणांनीच लागला, असे मी म्हणणार नाही. धर्म, जात, जमिनीचे संबंध आणि व्यक्तिगत हितसंबंध यांचा वाटा त्यात मोठा होता. माझे लक्ष वेधून घेते ते पुढचे पाऊल. मार्च १९६७ मध्ये, म्हणजे अवघ्या काही आठवड्यांनी, विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला पुन्हा सत्ता दिली. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. विलीनीकरण नको म्हणणाऱ्या प्रदेशाने विलीनीकरणाचा पुरस्कार करणारा नेता निवडला. यात विसंगती पाहणाऱ्यांनी श्रोत्यांना कमी लेखले आहे, असे माझे मत आहे. जानेवारीतला प्रश्न गोव्याच्या स्थानाचा होता आणि मार्चमधला कारभाऱ्याचा. कूळ-मुंडकारांचा आणि बहुजनांच्या शिक्षणाचा कैवारी कोण, याचे उत्तर लोकांनी वेगळे दिले. लोक भाषणाने वाहवत जातात ही तक्रार करण्यापूर्वी हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे.

वाहवत जाणेही घडते, आणि त्याचे उदाहरण वकिलांना नानावटी खटल्यात सापडते. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नौदलातील अधिकारी कावस नानावटी यांच्या गोळ्यांनी, त्यांच्या पत्नीशी संबंध असलेले प्रेम आहुजा मरण पावले. बचावाचे न्यायालयातले म्हणणे झटापटीत गोळ्या सुटल्या असे होते. न्यायालयाबाहेर मात्र 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने सन्माननीय अधिकारी, दुखावलेला पती आणि त्याची प्रतिष्ठा अशी कथा लोकांपुढे उभी केली होती. ज्युरीने ८ विरुद्ध १ अशा मतांनी निर्दोष असा कौल दिला. सत्र न्यायाधीशांना तो मान्य झाला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, तिथे दोष सिद्ध झाला आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. 'गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभ' या बचावाला सर्वोच्च न्यायालयाने दिलेले उत्तर मी विद्यार्थ्यांना वारंवार वाचायला लावते. आरोपी घरातून दुपारी दीड वाजता बाहेर पडला आणि खून चार वाजून वीस मिनिटांनी झाला. मधल्या वेळात मन ताळ्यावर यायला पुरेसा अवकाश होता. भावनेच्या मोठ्या कथेसमोर न्यायालयाने घड्याळ ठेवले. प्रतिष्ठेचा प्रश्न बाजूला होऊन वेळेचा प्रश्न पुढे आला, आणि वेळेचा प्रश्न मोजता येतो. (या एका खटल्यामुळे भारतातली ज्युरी बंद झाली, असे सांगितले जाते ते फार सरळ करून सांगितलेले आहे. ज्युरीपद्धती आधीपासूनच आक्रसत चालली होती आणि ती संपली ती १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने.)

शब्दांची निवड निर्णयाला किती खोलवर स्पर्श करते, हे प्रयोगांनीही दाखवले आहे. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची एकच चित्रफीत दाखवली. काहींना विचारले की मोटारी एकमेकींवर 'आपटल्या' तेव्हा वेग किती होता आणि काहींना विचारले की त्या एकमेकींना 'धडकल्या' तेव्हा किती होता. मराठीत त्या क्रियापदांचा जोर साधारण असा सांगता येईल. आठवड्याने त्यांना फुटलेली काच दिसली होती का, असे विचारले. चित्रफितीत काच फुटलेली नव्हती. जोरकस शब्द ('आपटल्या') ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांनी 'हो' म्हटले, सौम्य शब्द ('धडकल्या') ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांनी. म्हणजे शब्दाने मत तर रंगवलेच, आठवणीतही भर घातली. आपल्या पुरावा कायद्याला हा धोका जुन्या काळापासून ठाऊक आहे. म्हणूनच स्वतःच्या साक्षीदाराची सरतपासणी घेताना उत्तर सुचवणारा प्रश्न सर्वसाधारणपणे विचारता येत नाही, आणि उलटतपासणीत तो विचारता येतो.

आता शिक्षकांच्या तिसऱ्या प्रश्नाशी थेट संबंध असलेला मुद्दा. रिचर्ड पेटी, जॉन कॅसिओपो हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८१ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक प्रस्ताव ऐकवला : पदवीपूर्वी एक सर्वंकष परीक्षा सक्तीची करावी. काहींना सांगितले की ही परीक्षा पुढच्याच वर्षी लागू होणार आहे, तर काहींना सांगितले की ती दहा वर्षांनी येणार आहे. ज्यांच्यावर ती कोसळणार होती त्यांच्या मतावर युक्तिवाद भक्कम की कच्चा याचा प्रभाव पडला. ज्यांचा तिच्याशी संबंध येणार नव्हता त्यांच्यावर बोलणारा किती मोठा तज्ज्ञ आहे याचा. गावात हे मला सतत दिसते. ज्याच्या विहिरीचे पाणी जाणार आहे तो माणूस वक्त्याच्या शैलीकडे बघत नाही, त्याला आकडा हवा असतो. आणि शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेच्या सभागृहात ज्यांच्यापुढे मुले बोलतात, त्यांच्यापैकी कोणाचेच विषयात काही गुंतलेले नसते. 'विज्ञान : शाप की वरदान' याचा निकाल काहीही लागला तरी कोणाचे काही बिघडत नाही. असा श्रोता आवाजाला, ऐटीला आणि पाठांतराला गुण देतो, मुले तेच शिकतात, आणि पुढे खऱ्या सभेत त्यांची पंचाईत होते किंवा, अधिक वाईट म्हणजे, तीच ऐट खऱ्या सभेवर चालवून पाहण्याची त्यांना सवय लागते. मती फिरवण्याचे कसब आपण शिकवतो का, या शंकेतला खरा भाग हा आहे.

भावनेविषयी वेगळे बोलायला हवे, कारण भावना म्हणजेच भुलवणे असे मानणारे बरेच आहेत. ॲरिस्टॉटलने वक्तृत्वावरच्या आपल्या ग्रंथाच्या आरंभीच म्हटले आहे की न्याय देणाऱ्याला राग, मत्सर किंवा दया यांच्याकडे ओढणे म्हणजे ज्या पट्टीने मोजायचे तीच आधी वाकवून ठेवणे. आणि त्याच ॲरिस्टॉटलने दुसऱ्या भागातला मोठा हिस्सा राग, भीती, लाज, करुणा यांचे बारकाईने वर्णन करण्यात खर्च केला. मला यात विरोध दिसत नाही. काही गोष्टी भावनेशिवाय नीट कळतच नाहीत. खाणीच्या ट्रकांची धूळ वर्षानुवर्षे घरात घेणाऱ्या बाईची व्यथा ऐकताना ज्याला काहीच वाटत नाही, त्याचा निर्णय तटस्थ म्हणता येणार नाही. त्याला वस्तुस्थितीचा एक भाग दिसलेला नाही. भावना ज्या गोष्टीचा निर्णय करायचा आहे त्या गोष्टीबद्दल असेल, तर ती निर्णयाचे अंग असते. ती निर्णय देणाऱ्याच्या स्वतःबद्दलच्या अभिमानावर किंवा भयावर बेतलेली असेल, 'खरा गोंयकार असेल तो हात वर करील' अशा वाक्याने चेतवलेली असेल, तर पट्टी वाकलीच म्हणून समजावे.

बोलणाऱ्याच्या शब्दाला वजन कुठून येते, याबाबत ॲरिस्टॉटलचे म्हणणे असे की ते भाषणातूनच निर्माण व्हावे, आधीच्या लौकिकातून नव्हे. अथेन्समधला वक्तृत्वाचा शिक्षक आयसोक्रेटिस उलट म्हणत असे की चारित्र्याचा लौकिक असलेल्याचे बोलणे अधिक पटते. गोव्याच्या गावात आयसोक्रेटिस खरा ठरतो. बोलायला उठलेल्याचे घर, त्याचे जमिनीचे व्यवहार, मागच्या सभेतले त्याचे मत सगळ्यांना ठाऊक असते आणि त्याने तोंड उघडण्यापूर्वीच निम्मे कान मिटलेले किंवा उघडलेले असतात. यावर भाषणाने मात करता येते, पण त्यासाठी स्वतःचा संबंध आधीच उघड सांगावा लागतो.

ग्रामसभेतलाच एक नमुना बारकाईने पाहू. समजा, गावाच्या डोंगरउतारावर मोठी वसाहत येऊ घातली आहे. पहिला वक्ता म्हणतो : "आपल्या पूर्वजांनी राखलेला डोंगर दिल्लीवाल्यांच्या घशात घालायचा का?" दुसरा म्हणतो : "आपल्या मुलांना गावातच काम मिळायला हवे की नको?" दोन्ही प्रश्नांना एकेकच उत्तर शक्य आहे, दोन्ही उत्तरे सभा एका सुरात देते आणि दोन्ही वेळा टाळ्या पडतात. तिसरी बाई उठते : "माझे घर त्या उताराच्या खालीच आहे, म्हणून माझा स्वार्थ आहे हे आधी सांगते. एप्रिल-मेमध्ये आमच्या वाड्यावर नळाला दिवसाआड पाणी येते. या नव्या घरांना पाणी कुठून देणार, सांडपाणी कुठे सोडणार आणि उतार किती कापणार, ही तीन उत्तरे पंचायतीने लेखी मागवावीत. ती येईपर्यंत ना-हरकत दाखला देऊ नये, असा माझा ठराव आहे. उत्तरे समाधानकारक आली तर मी विरोध मागे घेईन." या भाषणाला टाळ्या कमी पडतात, पण पंचायतीचा सचिव मान खाली घालून लिहायला लागतो. पहिली दोन भाषणे इतिवृत्तात उतरतच नाहीत, कारण त्यांत लिहून घेण्यासारखे काही नसते.

या तिसऱ्या भाषणात कला नाही असे कोणी समजू नये. आपला संबंध आधी सांगून तिने संशयाची वाट बंद केली. नळाचे पाणी हा सभेतल्या प्रत्येकाच्या अनुभवातला मुद्दा निवडला. दोनऐवजी तीन प्रश्न ठेवले, त्यातून समर्थकांनाही ठरावाला हात वर करण्याची जागा राहिली. आणि कशाने आपले मत बदलेल हे सांगून तिने ऐकणाऱ्याला वाद संपवण्याचे साधन दिले. न्याय या प्राचीन भारतीय दर्शनात कथेचे, म्हणजे चर्चेचे, वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार सांगितले आहेत : सत्य कळावे म्हणून केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ दुसऱ्याची मोडायची ती वितंडा. पहिली दोन भाषणे जल्पाकडे झुकतात. तिसरे वादात बसते, आणि तरीही ते जिंकण्यासाठीच केलेले आहे. सत्य कळावे ही इच्छा आणि जिंकावे ही इच्छा एका माणसात नांदू शकतात. वकिलीत तर त्या नांदवाव्याच लागतात.

भाषणात सांगितलेल्या हकिगतीचे स्थानही यावरून ठरवता येते. आपल्या नारदीय कीर्तनात पूर्वरंगात सिद्धान्ताचे निरूपण होते आणि उत्तररंगात आख्यान येते. श्रोते आख्यानात रंगतात, पण ते कशाचे आख्यान आहे हे त्यांना आधी सांगितलेले असते. प्रचाराच्या भाषणांत बहुधा आख्यान आधी येते आणि सिद्धान्त त्याच्या आडून येतो, त्यामुळे एका माणसाची हकिगत ऐकून सगळ्यांविषयीचे मत बनते. विद्यार्थ्यांना मी सांगते की हकिगत जरूर सांगा, पण ती कोणत्या विधानाचे उदाहरण आहे ते विधान आधी उच्चारा, म्हणजे ऐकणाऱ्याला ते एका उदाहरणाने सिद्ध होते का, हे तपासता येईल.

म्हणून समजावणे आणि भुलवणे यांतला भेद मी साधनांवरून करत नाही. उपमा, विराम, कथा, करुणा ही सगळी साधने दोन्हीकडे चालतात. मी एवढेच पाहते की भाषण ऐकून घरी गेलेला माणूस, विरोधी मताचा शेजारी भेटल्यावर, त्याला आपले कारण सांगू शकतो का आणि शेजाऱ्याचे म्हणणे ऐकून घेऊ शकतो का. 'ते फार छान बोलले' एवढेच तो सांगू शकत असेल, तर त्याचा निर्णय वक्त्याने केला आहे.

शिक्षकांनी स्पर्धा बंद करू नयेत. मात्र त्यांची रचना बदलावी असे मी सुचवेन. विषय असा घ्यावा की त्यात श्रोत्यांचे स्वतःचे काही गुंतलेले असेल : शाळेची वेळ कदंब बसच्या सकाळच्या फेरीशी जुळवून बदलावी का, मैदानाचा काही भाग वाहनतळासाठी द्यावा का, गणपतीच्या सुट्टीआधी चाचणी घ्यावी की नंतर. भाषणाआधी प्रत्येक वक्त्याने 'माझ्या मते ठरवायचा प्रश्न हा आहे' असे एक वाक्य फळ्यावर लिहावे आणि प्रतिस्पर्ध्याला ते वाक्य मान्य आहे का, हे विचारावे. मान्य नसेल तर पहिली फेरी त्यावरच व्हावी. भाषणे झाल्यावर श्रोत्यांतल्या दोन-तीन मुलांना उभे करून दोन्ही बाजूंचे सर्वांत भक्कम कारण सांगायला लावावे. त्यांनी विरुद्ध बाजूचे कारण नीट सांगितले आणि त्या बाजूच्या वक्त्याने "होय, हेच माझे म्हणणे होते" अशी मान्यता दिली, तर त्याचे गुण दोन्ही वक्त्यांना द्यावेत. उच्चार आणि हावभाव यांचे गुण काढून टाकायची गरज नाही, पण ते एकूण गुणांच्या एक-चतुर्थांशाहून अधिक नसावेत, आणि गुणपत्रिकेत ते शेवटच्या रकान्यात असावेत, म्हणजे परीक्षक तो रकाना भरण्यापूर्वी बाकीचे भरतील.